बंधाऱ्यावर किती फूट?

जुलै-ऑगस्टमध्ये मला येणाऱ्या फोनवर 'कशी आहेस' असं कुणी विचारत नाही. "काकी, किती झालं?" एवढंच. पलीकडे शिरोळ तालुक्यातला पुतण्या असतो, नाहीतर जाऊबाई, नाहीतर जुन्या कॉलनीतली शेजारीण. किती म्हणजे फूट आणि कुठं म्हणजे राजाराम बंधाऱ्यावर, हे कुणाला सांगावं लागत नाही. पाटबंधाऱ्यात नोकरी केलेल्या बाईला पंचगंगेचा आकडा ठाऊक असणारच, असा सगळ्यांचा समज. निवृत्तीनंतरही पावसाळ्यात चहाच्या आधी मी तो बघते, त्यामुळे समज खराच ठरतो.

मी सांगते, "एकोणचाळीस फूट दोन इंच." पलीकडून "बरं" येतं आणि फोन बंद. तिथं माझं डोकं फिरतं. अरे, चढतीचे एकोणचाळीस की उतरतीचे? तासाला किती इंच चढतंय? गगनबावड्याचा पाऊस थांबला का? खाली कृष्णा किती आहे? यातलं काही न विचारता नुसते फूट घेऊन काय करणार? आमच्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे पाठ आहे. त्या फुटांमागं काय असतं ते मात्र फार थोड्यांना माहीत.

कसबा बावड्याचा राजाराम बंधारा म्हणजे कोल्हापूरच्या पुराचं घड्याळ. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच नद्यांची पंचगंगा प्रयाग चिखलीला एक होते, कोल्हापूर शहराला वळसा घालते, या बंधाऱ्यावरून पुढं जाते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. बंधाऱ्याजवळ पट्टी आहे आणि तिच्यावरून पाण्याची उंची वाचली जाते. ४३ फूट म्हणजे नदी ४३ फूट खोल आहे, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. पट्टीचं शून्य एका ठरलेल्या उंचीवर बसवलेलं असतं आणि आकडा त्या शून्यापासून वर मोजायचा. इथली धोक्याची खूण समुद्रसपाटीपासून साधारण ५४३ मीटरवर येते, म्हणजे शून्य ५३० मीटरच्या आसपास. नदीचा तळ त्याच्या वर-खाली कुठंही असू शकतो आणि दर पुरानंतर तो बदलतोही.

प्रत्येक ठिकाणचं शून्य वेगळं. रोजच्या पत्रकात राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी पंचगंगेवरच्या बंधाऱ्यांची रांग असते. राजारामला चाळीस फूट असतात तेव्हा रुईचा आकडा साठीच्या घरात असतो. नवी सून आली की ते वाचून घाबरते, "अगंबाई, रुईला तर साठ!" म्हणते. रुईचे साठ रुईपुरते. दोन पट्ट्यांचे आकडे एकमेकांना लावायचे असतील तर आधी दोन्ही समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत आणावे लागतात. हे गणित पाचवीचं आहे, पण पत्रकात फूट आणि इंच, धरणाच्या फलकावर मीटर, साठ्याला टीएमसी आणि विसर्गाला क्युसेक, अशी चार भाषांची खिचडी असल्यावर कोण करत बसणार?

पट्टी दिसायला अगदी साधी. लोखंडी पत्र्यावर इनॅमलचा पांढरा मुलामा, त्यावर काळ्या खुणा. सरितामापन केंद्रावर, म्हणजे जिथं पातळीबरोबर प्रवाहही मोजतात तिथं, एकच उंच पट्टी नसते. काठाच्या उतारावर खालपासून वरपर्यंत टप्प्याटप्प्यानं पट्ट्या रोवलेल्या असतात. एक बुडली की तिच्या वरची वाचायची. मे महिन्यात त्या काथ्यानं घासून घ्याव्या लागतात, कारण वर्षभराचं शेवाळ आणि चिखल बसून आकडे दिसेनासे होतात. लेव्हल मशीन लावून शून्य जागेवर आहे ना तेही तपासायचं. एखादं लाकूड आपटून पट्टी चार सेंटिमीटर कलली, तर पुढचा सगळा पावसाळा चार सेंटिमीटरनं खोटा.

वाचायची रीतही आहे. पुराच्या पाण्याला लाट असते, पट्टीपाशी पाणी वरखाली होतं. वरचा आकडा बघायचा, खालचा बघायचा, मधला घ्यायचा. एरवी दिवसातून ठरलेल्या वेळांना, पुरात दर तासाला, रात्रीही. हातात बॅटरी, दुसऱ्या हातात छत्री आणि वही कोरडी ठेवायला प्लास्टिकची पिशवी. दर तासाला घाटाच्या ओल्या पायऱ्या उतरून कुणीतरी तो आकडा वाचलेला असतो, तेव्हा तो तुमच्या मोबाइलवर येतो.

आणि कुणी पायऱ्या न उतरताही वाचतो, हेही सांगायला हवं. नोकरीत माझ्याकडं वह्या तपासायला यायच्या. खरी वही लगेच ओळखू येते. खऱ्या वाचनात शेवटचा अंक शून्यापासून नऊपर्यंत कुठलाही येतो. ज्या वहीत शून्य आणि पाचाचीच गर्दी, ती घरी बसून भरलेली. पाऊस जोरात होता आणि शेजारच्या केंद्रावर पाणी उडी मारून चढलं, त्याच रात्री इथं मात्र तासाला बरोबर दोन-दोन सेंटिमीटर, असं दिसलं की मी वही परत पाठवायची. त्या माणसाचा रागही यायचा आणि पगार कळल्यावर कीवही यायची.

आता कृष्णा आणि भीमा खोऱ्यात पुलांच्या कठड्याला रडारचे डबे लटकलेले दिसतात. डबा पाण्याच्या पृष्ठभागावर लहरी सोडतो, त्या परतायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो आणि पातळी थेट पाठवतो. जागतिक बँकेच्या मदतीनं चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात हे काम झालं. सोय मोठी आहे. डब्याला झोप येत नाही आणि तो अंक गोल करत नाही. तरीपण माझं मत विचाराल तर पट्टी आणि माणूस काढून टाकू नयेत. डबा बंद पडायचा तो नेमका वीज आणि मोबाइल टॉवर गेलेल्या रात्री पडतो, आणि ती रात्र नेमकी पुराचीच असते.

एवढं सगळं करून हातात येते ती फक्त उंची. किती पाणी वाहतंय हे पट्टी सांगत नाही. त्याला विसर्ग म्हणतात आणि तो मोजायला पाण्यात उतरावं लागतं.

मी ते काम शिकले ते होडीत बसून. नदीच्या आरपार तार ताणलेली, तिच्यावर अंतराच्या खुणा, होडी एकेका खुणेपाशी धरून ठेवायची. नदीच्या रुंदीचे पंधरा-वीस उभे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात आधी खोली घ्यायची, मग वेग. वेग मोजायला करंट मीटर, म्हणजे आडव्या चक्रावर बसवलेल्या छोट्या वाट्या. पाण्याच्या जोरानं चक्र फिरतं आणि फेऱ्यांबरोबर कानाला लावलेल्या यंत्रात टकटक होते. एका हातात स्टॉपवॉच, ओठात पेन्सिल, मनात मोजणी. मीटर वाहून जाऊ नये म्हणून त्याच्या खाली माशाच्या आकाराचं जड वजन असतं. वरचं पाणी जोरात पळतं, तळाचं दगडमातीला घासून रेंगाळतं, म्हणून मीटर वरून सहा दशांश खोलीवर धरायचा. तिथला वेग त्या उभ्या भागाच्या सरासरीच्या जवळ असतो. पाणी खोल असेल तर दोन दशांश आणि आठ दशांश अशा दोन ठिकाणी मोजून मध्य काढायचा.

मग गुणाकार. रुंदी शंभर मीटर, सरासरी खोली पाच मीटर, सरासरी वेग सेकंदाला १.२ मीटर धरला तर सेकंदाला ६०० घनमीटर पाणी चाललंय. एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट, त्या हिशेबानं एकवीस हजार क्युसेकच्या थोडं वर. प्रत्यक्षात हे प्रत्येक भागाचं वेगळं करून शेवटी बेरीज करतात. महापुरात होडी घालणं म्हणजे जिवाशी खेळ. तेव्हा पुलावरून मोजतात, नाहीतर पाण्यात तरंगते सोडून ठरलेलं अंतर कापायला किती सेकंद लागतात ते बघतात. पृष्ठभागाचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून आलेल्या वेगातून साधारण पंधरा टक्के कमी करायचे.

हा खटाटोप दर तासाला करणं कुणाच्या बापाला जमणार नाही. म्हणून वर्षानुवर्षं वेगवेगळ्या पातळ्यांना विसर्ग मोजून आलेखावर टिंबं मांडतात आणि त्यांतून वक्र काढतात. एकदा वक्र हाती आला की नुसती पातळी वाचायची आणि विसर्ग कोष्टकातून उचलायचा. पत्रकात नदीचा विसर्ग छापून येतो तो बहुतेकदा असा कोष्टकातला असतो. नदीचा तळ बदलला की कोष्टक जुनं होतं. मोठ्या पुरानंतर डिसेंबरात नदीचा काटछेद, म्हणजे पात्राचा आडवा छेद, पुन्हा मोजायचा असतो तो याचसाठी. कुठं वाळू गेली, कुठं गाळ बसला, कुणी काठावर भराव टाकून प्लॉट पाडले, हे काटछेदात लख्ख दिसतं. मोजणीला गेलं की भराव टाकणारे गोड बोलून चहा पाजतात.

आता एकोणचाळीसवर परत येते. एकाच पातळीला चढत्या नदीत पाणी जास्त वाहतं, उतरत्या नदीत कमी. पूर येत असताना वरच्या अंगाला पाणी उंच आणि पुढं सखल, म्हणून पृष्ठभागाला उतार जास्त आणि वेगही जास्त. ओसरताना तो उतार मोडतो. त्यामुळं चढतीचे एकोणचाळीस फूट हा निरोप असतो आणि उतरतीचे एकोणचाळीस हा हिशेब. पंचगंगेत याच्यावर आणखी एक भानगड आहे, तिचं नाव फुगवटा.

नरसोबाच्या वाडीला कृष्णा आधीच भरून वाहत असेल तर पंचगंगेला वाट मिळत नाही. भरून आलेल्या एसटीच्या दारात माणूस ताटकळावा, तशी ती संगमापाशी थबकते आणि मागं मागं साचत जाते. पाऊस उघडला, वरून येणारं पाणी कमी झालं, तरी शिरोळ तालुक्यात पातळी हलत नाही. "पाणी थांबून आहे," असं आमच्याकडं म्हणतात, आणि चढण्यापेक्षा त्या थांबण्याला लोक जास्त घाबरतात. चार दिवसांचं पाणी ऊस सोसतो. दहा दिवस थांबलेल्या पाण्यात शेंड्यात गाळ बसतो आणि ऊस कुजतो. नुसत्या पातळीवरून विसर्ग काढायचं कोष्टक अशा वेळी सपशेल चुकतं. ४३ फूट पाणी वाहतंही असेल किंवा नुसतं तुंबलेलंही असेल. ते ओळखायला खालच्या पट्टीचा आकडा सोबत लागतो. दोन पट्ट्यांमधला फरक कमी होत चालला की समजायचं, फुगवटा आला.

वाडीच्या पुजाऱ्यांना हे कुठल्याही कोष्टकाशिवाय कळतं. दत्ताच्या पादुकांवरून पाणी जाऊन दक्षिण दारातून बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा, आणि चढतं दक्षिणद्वार वेगळं, उतरतं वेगळं. चढ-उताराचा भेद पत्रकाला अजून नीट जमलेला नाही, तो देवळाच्या पायरीला कधीचा जमला आहे. कोल्हापुरात जुनी माणसं शिवाजी पुलावरची दगडी खूण बुडाली की 'मच्छिंद्री झाली' म्हणत. सुतारवाड्यात पाणी आलं, गायकवाड वाड्यापर्यंत आलं, जयंती नाला मागं फिरला, या सगळ्या लोकांच्या पट्ट्याच आहेत. त्यांच्यावर आकडे नाहीत, एवढंच.

पाणी मुळात येतं कुठून? गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शंभर किलोमीटरच्या आत शिरोळला पाचशेच्या आसपास. म्हणून शिरोळात लख्ख ऊन असतं, बायका वाळवणं घालतात, आणि पाणी मळीच्या रानात शिरत असतं. आमच्याकडचा पूर पावसाबरोबर येत नाही, मागाहून येतो. त्या मधल्या वेळात जनावरं हलवायची, मोटारी काढायच्या, धान्याची पोती माळ्यावर चढवायची. वरची पट्टी वाचायची ती हा मधला वेळ मिळवायला. कृष्णेवर हीच साखळी कराडच्या कृष्णा पुलापासून सुरू होते: बहे, ताकारी, भिलवडी, मग सांगलीचा आयर्विन पूल, पुढं अंकली आणि म्हैसाळ. सांगलीकरांचा आकडा आयर्विनचा, इशारा ४० आणि धोका ४५ फूट. भिलवडीला पाणी चढून थांबलं की सांगलीचा जाणकार माणूस घड्याळ बघतो. सूर्यवंशी प्लॉटमधली माणसं तोवर सामान बांधायला लागलेली असतात.

राधानगरीचे दरवाजे उघडले की मात्र सगळा जिल्हा हातातलं काम टाकतो. शाहू महाराजांच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या उंचीला आलं की ते आपोआप उघडतात, बटण दाबायला माणूस लागत नाही. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक. सातही दरवाजे उघडले तर सुमारे दहा हजार क्युसेक होतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, आणि ते दिवसभरात वाहून जायला ११,५७४ क्युसेक लागतात. थोडक्यात, सात दरवाजांतून दिवसभरात एक टीएमसीही खाली येत नाही. हे पाणी थोडं आहे असं मी म्हणत नाही, काठोकाठ भरलेल्या नदीत ते भरच घालतं. पण धरणांच्या खाली जो मोकळा डोंगरउतार आहे, त्यावर पडलेल्या पावसाला ना भिंत ना दरवाजा. त्याची बातमी होत नाही, कारण त्याला उघडायला काही नसतं.

२०१९ आणि २०२१ चे पूर शेजारी ठेवून बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर पाणी गेलं, आयर्विनला ५७ च्या वर. जुलै २०२१ मध्ये राजारामला ५६ च्या वर, म्हणजे आधीच्यापेक्षा जास्त, आणि आयर्विनला ५४ च्या वर, म्हणजे कमी. खोरं एकच, दोन वर्षांचं अंतर, आणि कोल्हापूर नि सांगलीचा क्रम उलटा. २०१९ ला पाऊस दिवसेंदिवस सगळ्या खोऱ्यावर पडत राहिला. धरणं भरत आली होती आणि कृष्णा, कोयना, वारणा, पंचगंगा एकदम फुगल्या. २०२१ ला दोन-तीन दिवसांत आभाळ फाटलं. महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. कोयना धरणात तेव्हा जागा होती, त्यानं बरंच पाणी पोटात घेतलं, त्याचा फायदा सांगलीला झाला. पंचगंगेच्या मोकळ्या उतारांना असं पोट नाही. त्यात पाणी चढलं ते इतक्या झपाट्यानं, की २०१९ च्या अनुभवावर विसंबून 'अजून दोन दिवस आहेत' म्हणणाऱ्यांची धांदल उडाली. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. २०१९ चाच आकडा धरून बसलेल्यांना २०२१ नं शिकवलं ते चढण्याच्या वेगाबद्दल. तासाला एक इंच चढणारी नदी आणि तासाला सहा इंच चढणारी नदी, दोघी एकाच क्षणी एकोणचाळीसवर असल्या तरी पहिली धोक्याच्या खुणेला पोचायला दोन दिवस घेईल आणि दुसरी आठ तास. हा एक रकाना पत्रकात ठळक छापला तर माझे निम्मे फोन कमी होतील.

आता अलमट्टी. तो विषय काढल्याशिवाय आमच्याकडं पुराची गोष्ट पुरी होत नाही, आणि काढला की पाहुण्यांत भांडण लागतं. खाली कर्नाटकात कृष्णेवरच्या या धरणाची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर आणि कर्नाटकाला ती ५२४.२५६ पर्यंत न्यायची आहे. २०१९ नंतर नंदकुमार वडनेरे यांच्या समितीनं पुराची कारणं तपासून २०२० मध्ये अहवाल दिला, तरी वाद संपला नाही. कुणी म्हणतं, राजारामचं शून्यच अलमट्टीच्या वर दहा मीटर, मग फुगवटा येईलच कसा? ते तितकं सरळ नाही. वाहत्या पाण्याला पुढं जायला उतार लागतो. खालची पातळी उचलली की तो उतार कमी होतो आणि परिणाम मागं सरकतो. किती मागं, हे काटछेद आणि विसर्गावर ठरतं. आणि कुणी म्हणतं, सगळं अलमट्टीनंच केलं. त्यांनाही मी विचारते, राजापूर बंधारा, हिप्परगी आणि अलमट्टी यांची तासातासाची पातळी एका कागदावर मांडून पाहिलीत का? फुगवटा खालून वर चढत आला असेल तर तो त्या कागदावर पट्टीपट्टीनं मागं सरकताना दिसेल. नसेल तर दिसणार नाही. दोन्ही राज्यांनी तो कागद रोज लोकांसमोर ठेवावा, मग सभा घ्याव्यात.

पुराचंच बोलत बसले, कारण पावसाळ्यात सगळे तेच विचारतात. नदीचं वर्ष खात्याच्या वहीत १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं, आणि त्यातलं बहुतेक सगळं पाणी पहिल्या चार-पाच महिन्यांत वाहून गेलेलं असतं. उरलेल्या महिन्यांची पानं कुणी उघडत नाही. खरं तर पिण्याचं पाणी, उपसा सिंचन आणि मासे मरण्याच्या बातम्या यांचं मूळ त्याच पानांत असतं.

पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घालतात, म्हणजे खांबांमधल्या खाचांत फळ्या बसवून पाणी अडवतात. जूनच्या आधी ते काढायचे. बरगे घातले की पट्टीवरचा आकडा नदीचा राहत नाही, फळ्यांच्या उंचीचा होतो. फेब्रुवारीत पट्टीवर छान पाणी दिसतं आणि बंधाऱ्याखाली दगड उघडे असतात. मीटर पाण्यात सोडला तर वाट्या फिरत नाहीत, इतका वेग कमी. वरून धरणाचं आवर्तन सुटलं की चार दिवस नदी हलते, मग पुन्हा बंधाऱ्याबंधाऱ्यांत तळी. त्यात सांडपाणी मिसळलं की ते पुढं सरकत नाही, जागेवरच काळं पडतं. 'नदीत पाणी आहे' आणि 'नदी वाहते आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उन्हाळ्याच्या वहीइतकं स्वच्छ दुसरीकडं कुठं दिसत नाही. उन्हाळी विसर्ग मोजायला वेगळी उथळ जागा निवडावी लागते, छोटा मीटर लागतो आणि मुख्य म्हणजे कुणाला तरी तो आकडा हवा असावा लागतो. उपसाबंदी लागू झाली की तेवढ्यापुरता तो सगळ्यांना हवा असतो.

या वह्या साठवून पुढं काय होतं? एक तर पूररेषा निघतात. आपल्या राज्यात निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हे 'वर्षांतून एकदा' लोकांना फार फसवतं. २०१९ ला येऊन गेला, आता शंभर वर्षं निवांत, असं म्हणणारे मी ऐकले आणि दोनच वर्षांनी त्यांना माळ्यावर बसलेलंही बघितलं. पंचवीस वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी शंभरात चार शक्यता. गेल्या वर्षी आला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही. घर तीस वर्षं टिकवायचं म्हटलं, तर त्या तीस वर्षांत निळ्या रेषेपर्यंत निदान एकदा पाणी येण्याची शक्यता सत्तर टक्के भरते. लाल रेषेची, तीस वर्षांत, सव्वीस टक्के. शिवाय हे आकडे जुन्या वह्यांवरून काढलेले. पाऊस पडण्याची तऱ्हा बदलत असेल तर रेषाही पुन्हा काढाव्या लागतील आणि त्यासाठी नव्या वह्या धड भरलेल्या असाव्या लागतील.

आमच्या पुतण्यानं गेल्या वर्षी गावात घर काढलं. जागा निळ्या रेषेच्या बाहेर, लाल रेषेच्या आत. भावजी म्हणाले, "वहिनी, जोतं किती फूट घेऊ ते सांगा." पुतण्यानं लगेच जोडलं, "काकी, राजारामला छप्पन्न फूट आलं होतं नव्हं, त्या हिशेबानं सांग." मी म्हटलं, राजारामचे छप्पन्न विसरा, त्यांचा तुझ्या जागेशी काही संबंध नाही. शाळेच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून आहे, हेडमास्तरांनी रंगानं आखून ठेवली आहे. गवंड्याची लेव्हल नळी घे, पाणी भर, बुडबुडा राहू देऊ नको, आणि ती रेघ टप्प्याटप्प्यानं आपल्या प्लॉटपर्यंत आण. दुपारभर लागली. शाळेपासून तीन खुंट्या मारत, मध्ये कुणाची म्हैस नळीवर पाय देऊन गेली म्हणून एक टप्पा परत घेत, रेघ प्लॉटवर आली तेव्हा ती जमिनीपासून पावणेचार फुटांवर निघाली. मी सांगितलं, जोतं सव्वापाच फूट घ्या. भावजींना पायऱ्या जास्त होतात म्हणून पटत नव्हतं, त्यांचे गुडघे दुखतात. शेवटी जोतं पाच फुटांवर ठरलं आणि पायऱ्यांना कठडा लावायचं ठरलं.